मॉफ तयार करताना आणि तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या भागातली जी मुलं बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला प्रकल्पासाठी मॉफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) घेतात, त्यांचे प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. मी बेळगावात रसायनशास्त्र शिकवते. तीच उत्तरं फोनवर तुकड्यातुकड्यांनी देण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बहुतेकांचं वर्ष तिथेच वाया जातं.

मॉफ म्हणजे नेमकं काय?

गणपतीचा मांडव उभा राहताना बघा. बांबू असतात आणि बांबू जिथे एकमेकांना भेटतात तिथे सुतळीची गाठ असते. मॉफमध्ये गाठीच्या जागी धातूचा आयन किंवा धातू आणि ऑक्सिजनचा छोटा पुंजका असतो. बांबूच्या जागी सेंद्रिय रेणू असतो, त्याला लिंकर म्हणतात. लिंकरच्या टोकांना धातूला धरणारे गट हवेत. बहुतेक वेळा ते कार्बॉक्सिलेट असतात, नाहीतर इमिडाझोलसारख्या वलयातले नायट्रोजन. धातू आणि लिंकर असे तिन्ही दिशांना जुळत गेले की स्फटिक तयार होतो, आणि त्याच्या आत ठरावीक मापाच्या, ठरावीक अंतरावरच्या पोकळ्या राहतात. म्हणून मराठीत त्याला सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकट म्हणता येईल. बोलताना सगळे मॉफच म्हणतात.

मांडवाशी तुलना एका ठिकाणी थांबते. मांडव माणसं बांधतात, मॉफ द्रावणात स्वतः जुळतो. धातू आणि लिंकरमधला बंध जुळतो, सुटतो, परत जुळतो. चुकीच्या जागी जुळलेला बंध सुटायला वाव मिळाला तरच नीट स्फटिक येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

आता या पोकळीचा हिशोब. झिफ-८ नावाच्या मॉफचं पृष्ठफळ ग्रॅमला साधारण १६०० चौरस मीटर भरतं. आपल्याकडे जमीन गुंठ्यात मोजतात, आणि १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर पावडरीत जवळजवळ १६ गुंठे. मॉफ-५ हवा न लागू देता केला तर ग्रॅमला ३८०० चौरस मीटरपर्यंत जातो, ते एकराला थोडंसंच कमी. ७००० च्या पुढे गेलेले मॉफही आहेत. वर्गात हा आकडा सांगितला की शेतकऱ्यांच्या घरची मुलं पहिल्यांदा मान वर करून बघतात.

याला नोबेल मिळालं ना?

हो, २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना ते विभागून मिळालं. रॉबसन यांनी १९८९ मध्ये तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू जोडून हिऱ्यासारखी रचना केली होती. ती नाजूक होती. कितागावा यांनी १९९७ मध्ये दाखवलं की अशा चौकटीत वायू आत जातो, बाहेर येतो आणि चौकट टिकते. याघी यांनी १९९५ मध्ये हे नाव रूढ केलं आणि १९९९ मध्ये मॉफ-५ केला. त्याच वर्षी हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातून तांब्याचा एचकेयूएसटी-१ आला. नावात विद्यापीठाचीच आद्याक्षरं आहेत. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

पहिल्यांदा कोणता मॉफ करू?

झिफ-८. दुसरा विचार करू नका. खोलीच्या तापमानाला होतो, ओव्हन लागत नाही, हवेतल्या ओलाव्याला घाबरत नाही, आणि झाला की नाही ते एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासली की, स्पष्ट कळतं.

झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.३० ग्रॅम म्हणजे १ मिलिमोल, ते २० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा. दुसऱ्या चंचुपात्रात २-मिथाइलइमिडाझोल ०.६६ ग्रॅम म्हणजे ८ मिलिमोल, तेही २० मिली मिथेनॉलमध्ये. चौकटीत जस्ताच्या एका आयनामागे दोनच लिंकर बसतात, तरी आपण आठ घेतो. जादा लिंकर स्वतःच आम्लारीचं काम करतो, दुसऱ्या रेणूंवरचा प्रोटॉन काढून त्यांना जस्ताशी जुळायला मोकळं करतो. दुसरं द्रावण पहिल्यात ओता आणि लक्ष ठेवा. आधी काहीच दिसत नाही, मग पात्राच्या आत धुकं धरल्यासारखं होतं, आणि थोड्याच वेळात ताकासारखं पांढरं. तासभर ढवळा. मिथेनॉल विषारी आहे, पेट घेतं, त्याची वाफ नाकात जाऊ देऊ नका. फ्यूम हूड (वाफ ओढून घेणारं कपाट) नसेल तर हा प्रयोग वर्गात करू नका.

इथे पहिली ठेच लागते. साध्या फिल्टर पेपरने गाळायला गेलात तर पांढरं पाणी जसंच्या तसं खाली उतरतं, कारण कण शंभर नॅनोमीटरच्या आतले असतात. सेंट्रीफ्यूज वापरा. नसेल तर ढवळणं टाळून मिश्रण झाकून २४ तास स्थिर ठेवा. कण थोडे मोठे होतात, तळाशी बसतात, वरचं मिथेनॉल हळूच ओतून काढता येतं. ताज्या मिथेनॉलने तीनदा धुवा.

एवढ्या मापात जास्तीत जास्त ०.२३ ग्रॅम झिफ-८ मिळू शकतो, हातात त्याहून बराच कमी पडतो. तपासण्यांना पुरेल एवढा हवा असेल तर माप सुरुवातीलाच पाचपट करा. चार वेळा थोडं थोडं करून एकत्र मिसळू नका. चारांतला एक जरी बिघडलेला असेल तरी सगळाच गेला.

मिथेनॉल मिळत नाही, ऑटोक्लेव्हही (दाब सोसणारं बंद भांडं) नाही. तर?

खल आणि बत्ता आहे ना? कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट ०.६० ग्रॅम आणि ट्रायमेसिक आम्ल ०.४२ ग्रॅम, म्हणजे ३ मिलिमोलला २ मिलिमोल. दोन थेंब इथेनॉल टाका आणि घोटा. पाच-दहा मिनिटांत लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास यायला लागतो. तो ॲसेटिक आम्लाचा वास आहे. ट्रायमेसिक आम्ल तांब्याजवळच्या ॲसिटेटला हटवून त्याची जागा घेतंय, याची ती खूण. हिरवट निळा रंग पालटून फिकट निळा होत जातो. हाताने घोटून संपूर्ण क्रिया होईलच असं नाही, बॉल मिलमध्ये ती जास्त चांगली होते. तरी इथेनॉलने धुतल्यावर एक्सआरडीच्या आलेखात एचकेयूएसटी-१ ची पीकं, म्हणजे शिखरं, ओळखण्याइतकी येतात. माझ्या मते हा प्रयोग प्रत्येक महाविद्यालयात व्हावा. रासायनिक क्रिया नाकाला कळते, डोळ्यांना दिसते आणि मनगटाला जाणवते.

दुसरा मार्ग ॲल्युमिनियम फ्युमरेटचा. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करण्याचा कारखाना बेळगावात वर्षानुवर्षं आहे, तेव्हा हा धातू आपल्याला परका नाही. ॲल्युमिनियम सल्फेटचं द्रावण ६० °से. ला ठेवा. त्यात फ्युमरिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब सोडा. ॲल्युमिनियम, फ्युमरिक आम्ल आणि कॉस्टिक यांचं मोल-प्रमाण १:१:३. द्रावक फक्त पाणी, तेही ऊर्ध्वपातित. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार नमुन्यात येतात. पृष्ठफळ ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास मिळतं आणि हा मॉफ पाण्यातही टिकतो. याच मार्गाने तो मोठ्या प्रमाणावरही तयार केला गेला आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ऑटोक्लेव्ह करून घेतला तर चालेल का?

नाही. उद्यमबागेतल्या लेथवर काय वाटेल ते तंतोतंत बनवून मिळतं, हे मलाही माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण बंद भांड्यात द्रावक उकळत्या बिंदूच्या वर तापवणं म्हणजे दाबाचं काम. त्या भांड्याची दाबाची चाचणी झालेली असली पाहिजे. प्रमाणित, आत टेफ्लॉनची वाटी असलेलाच घ्या. वाटी दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, २०० °से. च्या वर नेऊ नका, आणि ओव्हनमधून काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. परीक्षा उद्या असली तरीही.

प्रत्येक कृतीत डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हा द्रावक) का असतं?

लिंकर त्यात विरघळतात म्हणून, आणि दुसरं म्हणजे तापवल्यावर डीएमएफ थोडं थोडं तुटून डायमिथाइलअमाइन सोडतं. हे अमाइन सावकाश आम्लाचे प्रोटॉन काढतं. एकदम आम्लारी ओतला तर चिखल बसतो. असा हळूहळू मिळाला तर स्फटिकाला सवड मिळते. पण डीएमएफ यकृताला घातक आहे, कातडीतून आत शिरतं, आणि गरोदरपणात त्याच्या जवळही जाऊ नये. पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये होणारी कृती असेल तर तीच निवडा.

पावडर येते, पण स्फटिक मोठे होत नाहीत.

खडीसाखर आणि पिठीसाखर एकाच साखरेची. फरक वेळेचा आहे. पाक सावकाश गार झाला आणि दोऱ्यावर बीज मिळालं की खडा धरतो. मॉफमध्ये हा वेळ मिळवून देण्यासाठी मॉड्युलेटर घालतात. एकच कार्बॉक्सिल गट असलेलं आम्ल, उदाहरणार्थ ॲसेटिक किंवा बेंझोइक. ते धातूवर जागा अडवून बसतं, लिंकरला त्याच्याशी झगडून जागा मिळवावी लागते, आणि जुळणी मंदावते. यूआयओ-६६ हा झिर्कोनियमचा मॉफ २००८ मध्ये ओस्लो विद्यापीठातून आला. तो करताना मॉड्युलेटर नसेल तर बहुतेक वेळा अगदी बारीक, एकमेकांत गुंतलेले कण मिळतात. मात्र मॉड्युलेटर जास्त झाला तर काही लिंकर आत बसतच नाहीत आणि चौकटीत उणिवा राहतात. कधी या उणिवाच उपयोगाच्या ठरतात, पण त्या आहेत हे तुम्हाला माहीत पाहिजे.

बहुतेक प्रकल्पांना मोठा स्फटिक लागतही नाही. ज्ञात मॉफ करत असाल तर पावडर पुरे.

तापवत असताना लाइट गेली तर?

किती वाजता गेली, किती वाजता आली ते वहीत लिहा आणि ओव्हन उघडू नका. तासाभराने सहसा बिघडत नाही. रात्रभर गेली असेल तर ती बॅच वेगळी ठेवा आणि वेगळीच तपासा.

ॲक्टिव्हेशन केलं नाही तर चालेल का?

हा प्रश्न मुलं सगळ्यात शेवटी विचारतात, आणि विचारायला हवा सगळ्यात आधी.

नुकता तयार झालेला मॉफ रिकामा नसतो. त्याच्या पोकळ्या द्रावकाने आणि न जुळलेल्या लिंकरने गच्च भरलेल्या असतात. गोणीतलं धान्य काढल्याशिवाय गोणीत किती मावतं ते मोजता येत नाही. पोकळी रिकामी करणं, आणि ती करताना चौकट न मोडणं, याला ॲक्टिव्हेशन म्हणतात.

थेट तापवून डीएमएफ काढायला जाऊ नका. ते १५३ °से. ला उकळतं आणि पोकळीला चिकटून असतं. आधी त्याची अदलाबदल करा. नमुना मिथेनॉल किंवा ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, दिवसातून दोनदा जुना द्रावक ओतून नवा घाला, असं तीन दिवस. घाईत दोन दिवसांवर आणू नका. आतला डीएमएफचा रेणू बाहेर यायला अरुंद वाटेनं चालत यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. मग व्हॅक्यूम ओव्हन. झिफ-८ ला १५० °से. रात्रभर चालतं. एचकेयूएसटी-१ लाही १२० ते १५० च्या दरम्यान.

नाजूक चौकटींना एवढंही सोसत नाही. द्रव सुकताना त्याचा पृष्ठताण पोकळीच्या भिंती आत ओढतो आणि चौकट बसते. त्यासाठी द्रावकाच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरतात आणि ३१ °से. व सुमारे ७४ बारच्या वर नेतात. तिथे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, त्यामुळे ओढणारा पृष्ठभागही नसतो. ही सोय थोड्याच ठिकाणी असते. म्हणूनच मी पहिल्या प्रकल्पाला दणकट मॉफ घ्या म्हणते.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी मॉफ-५ केला होता. स्फटिक सुंदर होते, उजेडात धरले की बारीक काचेसारखे चमकत. जुलै महिना, बाहेर झड लागलेली, खिडकी उघडी. मी ते बुकनर फनेलवर गाळले आणि छान सुकावेत म्हणून पंप अर्धा तास तसाच चालू ठेवला. म्हणजे अर्धा तास बेळगावच्या पावसाळ्यातली दमट हवा मी त्यांच्यातून ओढत होते. दुसऱ्या दिवशी एक्सआरडीवर ६.९ अंशाजवळचं पीक खचलेलं आणि ८.९ जवळ नवंच एक उभं. पाण्याने जस्त आणि ऑक्सिजनच्या गाठी सोडवल्या होत्या. वरून पावडर होती तशीच पांढरी दिसत होती. सहा आठवड्यांचं काम होतं ते. तेव्हापासून पावडर कशी दिसते यावर मी काहीच ठरवत नाही.

पावसाळ्यात मग काम करायचंच नाही का?

करायचं, पण मॉफ बघून. झिफ-८, यूआयओ-६६, ॲल्युमिनियम फ्युमरेट यांना जुलै-ऑगस्ट चालतो. मॉफ-५ उन्हाळ्यातही ग्लव्हबॉक्सशिवाय (हातमोजे लावलेल्या हवाबंद पेटीशिवाय) करू नका. एचकेयूएसटी-१ या दोन टोकांच्या मधोमध आहे, आणि त्याच्याकडून ओलाव्याचा धडा डोळ्यांसमोर मिळतो. अथणीकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद वापरतात. मोरचूद तापवला की निळेपणा जाऊन पांढरा होतो, कारण स्फटिकजल गेलं. शाळेत हा प्रयोग केलाय सगळ्यांनी. एचकेयूएसटी-१ मध्येही तांब्याच्या प्रत्येक आयनावर पाण्याचा एक रेणू बसलेला असतो. ॲक्टिव्हेट केला की तो जातो आणि आकाशी पावडर गडद जांभळट निळी होते. व्हॅक्यूम ओव्हनमधून काढून घड्याळकाचेवर उघडी ठेवा. कडेकडेने आकाशी रंग परत आत सरकताना दिसतो, पावसाळ्यात तर बघता बघता. ज्या जागेत तुम्हाला वायू भरायचा होता ती जागा हवेतल्या पाण्याने घेतली. म्हणून गरम असतानाच बाटलीत भरा, झाकण लावा, डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि सिलिका जेलचा रंग रोज बघा. दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिला तर त्याची चौकटही हळूहळू खराब होते, मग नुसतं तापवून तो परत येत नाही.

"मॅडम, पावडर झालीया, खरं पीकच येईनात."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मी आधी एकच विचारते. स्कॅन कुठून सुरू केला? उत्तर येतं, २० अंशांपासून. यंत्र चालवणारे रोज ऑक्साइड आणि मिश्रधातू बघतात, त्यांच्यासाठी २० ते ८० ठीक आहे. मॉफची महत्त्वाची पीकं त्याच्या अलीकडे असतात. फॉर्मवर ठळक लिहा: ५ अंशांपासून, सावकाश.

का, ते गणितानेच बघा. झिफ-८ च्या घनाकार एकक पेशीची बाजू १६.९९ अँगस्ट्रॉम. ११० प्रतलांमधलं अंतर म्हणजे १६.९९ भागिले २ चं वर्गमूळ, १२.०१. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४०६. ब्रॅगच्या सूत्रात घाला, टू-थीटा, म्हणजे पीकाचा कोन, ७.३५ अंश येतो. पेशी मोठी, प्रतलं दूर, म्हणून कोन लहान. पुढची पीकं १०.४, १२.७, १४.७, १६.४ आणि १८.० च्या जवळ. एचकेयूएसटी-१ साठी ६.७, ९.५, ११.६ आणि १३.४ बघा.

पीकं जुळली म्हणजे चौकट झाली. पण ती एकटीच आहे का? एचकेयूएसटी-१ जास्त तापमानाला केला तर ३६.४ अंशाला एक आगंतुक पीक येतं. ते क्युप्रस ऑक्साइडचं. आलेख १५ अंशांवर कापून दाखवला तर ते दिसणार नाही, पण मग तो खरा आलेख राहत नाही. पूर्ण पट्टा द्या.

आणि पीकं जुळली तरी पोकळी रिकामी आहे हे सिद्ध होत नाही. एक्सआरडी घराचा नकाशा देते. आत जागा मोकळी आहे का, हे बीईटीला, म्हणजे वायू चिकटवून पृष्ठफळ मोजणाऱ्या तपासणीला, विचारावं लागतं.

बीईटीत नेमकं काय होतं, आणि माझा आकडा एवढा कमी का?

गावात गाईला रेतन करायला येणारे पशुवैद्यक वाफा निघणारं एक कॅन घेऊन येतात ना, त्यात द्रव नायट्रोजन असतो. तापमान ७७ केल्विन, म्हणजे उणे १९६ °से. बीईटीत नमुन्याची नळी याच द्रवात बुडवतात आणि नायट्रोजन वायू मोजून मोजून आत सोडतात. एवढ्या थंडीत वायूचे रेणू पोकळ्यांच्या भिंतींना चिकटतात. किती चिकटले ते दाबावरून कळतं. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असं धरून पृष्ठफळ काढतात.

आकडा कमी येण्याची कारणं, जशी मला भेटली तशी. सगळ्यात जास्त वेळा, ॲक्टिव्हेशन अपुरं. त्याच्याखालोखाल, चौकट बसलेली, ती डीगॅस केल्यानंतर (मोजण्याआधी तापवून आतला वायू-ओलावा ओढून काढल्यानंतर) पुन्हा एक्सआरडी काढली की कळते. केंद्रावर नेहमीच्या सवयीने ३०० °से. ला डीगॅस केला, त्यात एचकेयूएसटी-१ जळायच्या बेताला येतो, म्हणून तापमान फॉर्मवर तुम्हीच लिहून द्या. आणि वजन डीगॅस करण्याआधीचं धरलं. ओल्या पावडरीच्या ग्रॅमने भागलं तर आकडा उतरणारच. नमुना ५० ते १०० मिलिग्रॅम तरी द्या.

मग गणना. पुस्तकात सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३ घ्या म्हणून लिहिलेलं असतं. ते मोठ्या छिद्रांच्या पदार्थांसाठी ठीक आहे. २ नॅनोमीटरहून लहान छिद्रं ०.०५ च्या आधीच भरून जातात. तिथे रूकेरोल या संशोधकाचे निकष लावा: ज्या पट्ट्यात वायूचं प्रमाण गुणिले एक-वजा-सापेक्ष-दाब ही किंमत सतत वाढत जाते तेवढाच पट्टा घ्या, आणि बीईटी समीकरणातला सी हा स्थिरांक धन आला पाहिजे. उणे आला तर सॉफ्टवेअरने दिलेला आकडा प्रबंधात घालू नका, कितीही मोठा असला तरी. कोणता पट्टा घेतला ते आकड्याशेजारी लिहा. तोच आलेख वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिला तर त्यांची पृष्ठफळं वेगळी येतात, हे तपासून दाखवलं गेलं आहे.

झिफ-८ च्या आलेखात अगदी कमी दाबाला एक पायरी दिसते. यंत्राचा दोष समजून ती पुसू नका. झिफ-८ ची दारं ३.४ अँगस्ट्रॉमची, आतली खोली ११.६ ची. नायट्रोजनचा दाब वाढला की दारातली इमिडाझोलची वलयं थोडी वळतात आणि आणखी रेणू आत शिरतात. ती पायरी म्हणजे दार उघडल्याची नोंद. पहिल्यांदा स्वतःच्या नमुन्यात ती दिसली तेव्हा मी तो कागद घरी घेऊन गेले होते.

टीजीए (तापवत नेऊन वजन किती घटतं ते मोजणं) कशासाठी?

दोन कामांसाठी. शंभर-दीडशे अंशांपर्यंत वजन घटलं तर पोकळीत अजून द्रावक आहे. दुसरं, हवेत शेवटपर्यंत जाळल्यावर उरलेल्या ऑक्साइडवरून सूत्र पडताळता येतं. झिफ-८ चं सूत्रवजन २२७.६, झिंक ऑक्साइडचं ८१.४. राख ३५.८ टक्के यायला हवी. कोरड्या एचकेयूएसटी-१ ची ३९.५ टक्के. नायट्रोजनमध्ये जाळलं तर कार्बन मागे राहतो आणि हा हिशोब लागत नाही, म्हणून कोणत्या वायूत जाळलं ते लिहा.

एफटीआयआर (अवरक्त किरणांची तपासणी) आणि सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पुरेसं नाही का?

नाही. एफटीआयआरमध्ये ट्रायमेसिक आम्लाचा १७२० प्रति सेंमीच्या जवळचा पट्टा गेला की मोकळं आम्ल धुतलं गेलं, एवढं कळतं, आणि ते उपयोगी आहे. झिफ-८ मध्ये ४२१ जवळ जस्त-नायट्रोजनचा पट्टा बघा. सेममध्ये कणांचा आकार दिसतो. मॉफची छिद्रं त्यात दिसत नाहीत, ती त्याहून कितीतरी लहान असतात. कणांमधल्या फटी दाखवून खाली "सच्छिद्र रचना" लिहिलेलं मला अजिबात आवडत नाही.

नमुने तपासायला कुठे देऊ?

बेळगावकरांना धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ सोयीचं. तिथे बाहेरच्यांसाठी उपकरण केंद्र आहे. निपाणी-चिकोडीच्या मुलांना कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ. पाठवण्याआधी फोन करा, कोणतं यंत्र चालू आहे ते विचारा, मगच बस पकडा. जमलं तर नमुना स्वतः घेऊन जा आणि चालवणाऱ्यांशी बोला. कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये, नाहीतर मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून. त्यांना तुमचा पदार्थ कळला की ते जास्त काळजीने काम करतात, हा माझा अनुभव आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी शब्दांना बिचकू नये. संयुजा, आयन, स्फटिकजल हे तुम्ही दहावीच्या आत शिकलात. मॉफ समजायला पाया तोच आहे.

याचा आपल्या भागाला काय उपयोग?

एकाच जिल्ह्यात खानापूरला पाऊस थांबत नाही आणि अथणी-रायबागला टँकरची वाट बघावी लागते. ओमर याघी यांचं लहानपण अम्मानमध्ये गेलं, घरात नळ नव्हता, पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं. त्यांच्या गटाने २०१७ मध्ये मॉफ-८०१ वापरून २० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेतूनही पाणी काढून दाखवलं. रात्री मॉफ हवेतलं पाणी धरतो, दिवसा उन्हाने सोडतो. गावाची तहान भागवण्याइतकं स्वस्त ते अजून झालेलं नाही, आणि प्रकल्पाच्या प्रस्तावनेत तसं लिहूही नका. पण तुमचा ॲल्युमिनियम फ्युमरेट किती पाणी धरतो आणि किती वेळा धरून सोडतो, हे वजनकाटा, डेसिकेटर आणि मिठाच्या संपृक्त द्रावणावर मोजता येतं. त्याला मोठं यंत्र लागत नाही.

उरलेलं निळं पाणी कुठे ओतू?

बेसिनमध्ये नाही. शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्याला मिळतं आणि तो नाला शहापूर-वडगावच्या भातशिवारातून जातो. तांब्याच्या द्रावणात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका, फेस थांबेपर्यंत. हिरवट निळा साका बसेल. गाळा, वरचं पाणी बिनरंगी झालंय का बघा, साका सुकवून लेबल लावलेल्या बरणीत ठेवा. जस्ताचंही तसंच, फक्त साका पांढरा येतो. मिथेनॉल आणि डीएमएफ वेगवेगळ्या बाटल्यांत, वर तारीख आणि नाव. बाटली भरत आली की विभागप्रमुखांना सांगा, ती पुढे कुठे जाते ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.